४११ सीसी टूरिंग गाडी : इग्निशन टायमिंग बदलल्यानंतरचा अनुभव

माझी गाडी बीएस-४ (उत्सर्जनाच्या आधीच्या नियमांच्या) काळातली, फ्युएल इंजेक्शनची, एका सिलिंडरची ४११ सीसी मोटारसायकल आहे. बोअर ७८ आणि स्ट्रोक ८६ मिलीमीटर असलेले हे लांब स्ट्रोकचे इंजिन घाटात उत्तम खेचते. मात्र सायन-पनवेल रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये, तीन हजार आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास थ्रॉटल किंचित उघडला, तर क्षणभर काहीच घडत नाही आणि मग खेच एकदम अंगावर येते. ट्रकच्या मागून बाहेर पडताना हा क्षण नकोसा वाटतो. त्यासाठी मी मूळ ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) आणि वायरिंग यांच्यामध्ये बसणारे पिगीबॅक युनिट लावून टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, बदलून घेतले. पावसाळा, हिवाळा आणि मुंबईचा उन्हाळा अशा तिन्ही ऋतूंत गाडी वापरून झाल्यावर हे लिहीत आहे.

ठिणगी पडली की सिलिंडरमधले मिश्रण लगेच पूर्ण जळत नाही. जळण्याचा सर्वाधिक दाब पिस्टन वरच्या टोकावरून खाली वळल्यानंतर साधारण १५ अंशांवर यावा लागतो, म्हणून ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याआधीच द्यावी लागते. ३००० आरपीएमला क्रँकचा एक अंश म्हणजे सेकंदाचा १८,००० वा भाग, इतक्या बारीक हिशेबाचा हा खेळ आहे. थ्रॉटल थोडाच उघडा असताना सिलिंडरमध्ये हवा कमी भरते, विरळ मिश्रण सावकाश जळते आणि त्याला ठिणगी अधिक आधी लागते. उत्सर्जनाचे नियम, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापण्याची गरज आणि देशभरातले कमी-जास्त प्रतीचे पेट्रोल या सगळ्यांचा विचार करून कारखान्यातले टायमिंग सहसा थोडे मागे, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असे, ठेवलेले असते. सुधारणेला जागा आहे ती नेमकी इथे, आणि जवळजवळ इथेच.

म्हणून टायमिंग सरसकट चार अंश पुढे घ्या, हा गॅरेजमध्ये हमखास मिळणारा सल्ला मला मान्य नाही. माझ्या मॅपमध्ये (कोणत्या आरपीएमला आणि थ्रॉटलला ठिणगी किती आधी द्यायची याच्या तक्त्यात) थ्रॉटल एक तृतीयांशापेक्षा कमी उघडा असताना २२०० ते ४००० आरपीएममध्ये चार अंशांपर्यंत वाढ आहे, त्यापुढे ती उतरत जाते आणि पूर्ण थ्रॉटलला शून्य होते. आयडलचे (थ्रॉटल बंद ठेवून इंजिन नुसते चालू असतानाचे) टायमिंग मूळचेच ठेवले आहे, त्यामुळे पीयूसीच्या चाचणीत अडचण आली नाही.

फरक पहिल्याच दिवशी जाणवला आणि तो टिकला आहे. वाहतुकीत गाडी मनगटाच्या हालचालीबरोबर पुढे सरकते, अर्धा क्लच धरून ओढण्याची वेळ कमी येते, तिसऱ्या गिअरमधले हिसके जवळपास गेले. कमाल वेग तोच आहे आणि मायलेजमध्ये सांगण्यासारखा फरक नाही. जास्त ताकद मिळेल या आशेने कोणी हा खर्च करणार असेल, तर त्याने करू नये.

खरी परीक्षा कसारा घाटात झाली. एप्रिलची दुपार, मागे माणूस, दोन्ही बाजूंना सामानाच्या बॅगा आणि चौथ्या गिअरमध्ये चढ. तिथे सुरुवातीच्या मॅपवर, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा बारीक आवाज इंजिनातून आला. हे नॉकिंग, म्हणजे उरलेले मिश्रण ज्वाला पोहोचण्याआधीच आपोआप भडकणे. या इंजिनाला नॉक सेन्सर नाही, म्हणजे टायमिंग आपोआप मागे घेणारे कोणीच नाही; ऐकण्याचे काम चालवणाऱ्यालाच करावे लागते. टॅपेटच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांच्या) आवाजाशी त्याची गल्लत होऊ शकते, पण टॅपेट आयडललाही वाजतात, तर नॉकिंग फक्त ओझ्याखाली येते आणि थ्रॉटल सोडताच थांबते. परळच्या मेकॅनिककाकांनी प्लग काढून भिंगाखाली धरला, तेव्हा पांढऱ्या पोर्सेलीनवर मिरपुडीएवढे काळे ठिपके दिसले. “साहेब, हे ठिपके चमकायला लागले की समजायचं पिस्टन झिजतोय,” असे ते म्हणाले. त्याच दिवशी अर्ध्याहून अधिक उघड्या थ्रॉटलवर ३५०० आरपीएमखालची सगळी वाढ काढून टाकली. त्यानंतर तोच घाट, तेच ओझे, आणि प्लग स्वच्छ निघाला.

इंधनाचाही यात वाटा आहे. पूर्वीच्या ९१ ऑक्टेनच्या साध्या पेट्रोलपेक्षा ९५ ऑक्टेनचे ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) नॉकिंगला अधिक तग धरते. तरीही लांबच्या प्रवासात आडवाटेच्या पंपावर काय मिळेल याची खात्री नसल्याने मॅप सर्वात हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर निभावेल असाच ठेवावा. युनिटवर दोन मॅपची सोय आहे. दुसऱ्या जागेवर मी मूळ टायमिंग ठेवले आहे आणि शंका आली की तिकडे वळतो.

मुंबईच्या हवेबद्दल मात्र आवर्जून सांगतो. पहिल्याच पावसाळ्यानंतर सीटखालच्या कपलरच्या (वायर जोडणीच्या) पिनांवर हिरवा थर धरला होता आणि गाडी मधूनच अडखळत होती. पिना साफ करून ओलावा रोखणारे डायइलेक्ट्रिक ग्रीस भरल्यापासून तो त्रास नाही. युनिट प्रवासात बिघडले तर ते काढून मूळ कपलर जोडता आले पाहिजेत, त्यामुळे एकही वायर कापू देऊ नये. बसवण्याआधी टॅपेटचे अंतर तपासून घ्यावे, एअर फिल्टर आणि प्लग नवे घालावेत आणि मगच मॅपला हात लावावा, कारण चुकीच्या टॅपेटमुळेही गाडी असेच हिसके देते.