‘सगळे केस एकसारखे कुरळे करून देते’ म्हणणाऱ्या बाईकडे मी कशी फसले

माझ्या डोक्यावर तीन तऱ्हेचे केस आहेत. मानेजवळ पेन्सिलीभोवती गुंडाळल्यासारखी घट्ट वेटोळी, कानांच्या वर सैल कुरळे आणि टाळूवर भांगाच्या दोन्ही बाजूंना नुसत्या लाटा. कपाळावरची एक बट तर जवळजवळ सरळच. धुऊन वाळले की मागचे केस आक्रसून वर जातात, पुढचे खाली लोंबतात आणि कुणी अर्धवट कापून सोडून दिल्यासारखं दिसतं. माझ्या मनात हे कायम सलायचं. ही सल ओळखूनच मला फसवलं गेलं. त्या बाईने वापरलेली वाक्यं मी आठवून इथे लिहिते आहे, कारण ती वाक्यं आधी कुणी मला सांगितली असती तर मी तिथून उठून आले असते.

ती स्वतःला कर्ल तज्ज्ञ म्हणवत होती. पहिली तपासणी फुकट. तिने माझ्या टाळूवरचा एक केस आणि मानेजवळचा एक केस घेतला आणि पाण्याच्या दोन ग्लासांत टाकला. टाळूवरचा तरंगला, मानेजवळचा तळाला गेला. “बघा ताई, एकाच डोक्यावर दोन टोकं. मागचे केस आतून पोकळ झालेत, पाणी पिऊन बुडाले. हे आत्ता आवरलं नाही तर वरपर्यंत येणार.” ग्लास माझ्या डोळ्यांसमोर होते, त्यामुळे अविश्वास दाखवायचं काही कारणच वाटलं नाही.

खूप नंतर, घरी तोच प्रयोग दहा-बारा वेळा करून पाहिल्यावर मला आठवलं की मागचा केस ग्लासात सोडल्यावर तिने तो बोटाच्या टोकाने हलकेच खाली लोटला होता. केस ज्याचा बनलेला असतो ते केराटिन पाण्यापेक्षा जड असतं. कोरडा किंवा तेलकट केस पाण्याच्या पृष्ठताणावर अलगद पडून राहतो आणि बोट लागलं की पृष्ठभाग फोडून खाली जातो. तुमचा, माझा, कुणाचाही. त्या चाचणीवरून केसांची पोरॉसिटी, म्हणजे केस पाणी किती शोषून घेतो ते, कळत नाही. कळतं ते इतकंच की केसावर तेल किती होतं आणि त्याला बोट लागलं की नाही. माझ्या घरी टाळूवरचा केसही बोट लावल्याबरोबर तळाला गेला.

मग आलं ते खरं गळाला लावणारं वाक्य. “खरा कर्ल पॅटर्न एकच असतो. बाकीचे भाग आजारी आहेत म्हणून वेगळे दिसतात.” हे साफ खोटं आहे. प्रत्येक केस आपापल्या बीजकोशातून उगवतो, आणि तो सरळ येणार की वळत येणार हे त्वचेखालीच ठरतं. डोक्यावर असे सुमारे एक लाख बीजकोश असतात. ते सगळे एकाच साच्याचे असावेत असा कुठे नियम नाही. कुरळ्या केसांच्या अनेक माणसांच्या डोक्यावर निदान दोन प्रकार सापडतात. केस किती कुरळे ते सांगायला आपण जे ३ए, ३सी, ४बी वगैरे म्हणतो ती वर्गवारी आंद्रे वॉकर या केशरचनाकाराच्या १९९० च्या दशकातल्या पद्धतीवरून आली. ती वर्णन करायला सोयीची आहे, पण एका डोक्याला एकच आकडा लावायचा म्हटलं की तिथेच गडबड सुरू होते. त्या बाईने माझ्या वहीत मोठ्या अक्षरांत ‘३बी – लक्ष्य’ असं लिहून दिलं होतं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. तिचं बोलणं पूर्ण हवेतलं नव्हतं, म्हणून तर ते पटलं. इस्त्री, ब्लीच, रोजचं घट्ट बांधणं यांनी कुरळेपणा खरंच ढिला पडतो, आणि टाळूवरच्या केसांना ऊन-वारा जास्त लागतो. पण तसं झालं असेल तर मुळाशी नवा येणारा केस पुन्हा आपल्या मूळ वळणाचा येतो. तिने माझ्या मुळांकडे एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दिसलं असतं की टाळूवर मुळापासून टोकापर्यंत एकच लाट आहे. म्हणजे तिथे काही बिघडलेलं नव्हतं.

सहा बैठकांचं पॅकेज होतं, सोबत तीन बाटल्या. आज भरले तर निम्मे, उद्या आलात तर पूर्ण. मी माझी कित्येक महिन्यांची शिल्लक तिथेच मोबाइलवरून पाठवली. पावती मागितली तेव्हा “मेसेज आलाय की तुम्हाला” असं उत्तर मिळालं. त्या मेसेजमध्ये रकमेपुढे ‘सेवा’ एवढाच शब्द होता. कोणती सेवा, किती वेळा, कशाची हमी, काही नाही. तिथे मी गप्प बसले, ही माझी सगळ्यात मोठी चूक.

पहिल्या बैठकीला खिडक्या लावून घेतल्या, “वाफ बाहेर जायला नको” म्हणून. तिने स्वतः जाड मास्क लावला होता. मला दिला नाही. केसांवर पातळ द्रव चोळून त्यावर इस्त्री फिरवायला लागली तशी डोळ्यांतून धारा लागल्या, घसा खवखवायला लागला. इस्त्रीवर २३० चा आकडा दिसत होता. एकेक बट सात-आठ वेळा. मी विचारलं, वास कसला? “केराटिन आत जातंय, त्याचा. यात फॉर्मल्डिहाइड अजिबात नाही, आमचं स्पेशल आहे.”

दोन आठवडे केस खरोखर एकसारखे दिसले. आरशासमोरून हलावंसं वाटत नव्हतं. हे लिहिताना आजही वाईट वाटतं, कारण तो आनंद खरा होता. त्या आनंदात मी दुसऱ्या बैठकीलाही गेले.

त्यानंतर उशीवर केस दिसायला लागले. गळालेले नव्हते. गळलेल्या केसाच्या एका टोकाला मुळाची बारीक गाठ असते. हे तुटलेले होते, बोटाच्या पेराएवढे तुकडे. उजेडात धरले तर बऱ्याच केसांवर साखरेच्या कणासारखा पांढरा ठिपका दिसायचा, आणि जरा ओढलं की केस नेमका त्याच ठिपक्याशी मोडायचा. सगळ्यात जास्त तुटले ते मानेजवळचे. घट्ट वेटोळ्याचा केस प्रत्येक वळणावर आधीच नाजूक असतो. त्याच केसावर तिने जास्त वेळा इस्त्री फिरवली होती, कारण तो ‘लक्ष्या’पासून सर्वात लांब होता. जसजसा मुलामा धुऊन गेला, तसतसं टाळूवर झिपऱ्या उरल्या आणि मागे अर्धे कुरळे, अर्धे ताठ. तीन प्रकारांचे पाच झाले.

बाटलीवर तिचं स्वतःचं लेबल होतं, फुलांचं चित्र असलेलं. गरम पाण्यात बुडवून नखाने खरवडलं तर खाली दुसरं लेबल निघालं, आणि त्यावरच्या घटकांच्या यादीत मिथिलीन ग्लायकॉल. हे नाव लक्षात ठेवा. फॉर्मल्डिहाइड हा वायू पाण्यात मिसळला की त्याचं जे होतं ते हेच, आणि तापवलं की त्यातून तोच वायू परत बाहेर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. म्हणजे ‘अजिबात नाही’ हे वाक्य केवळ शब्दांच्या आडून बोललेलं होतं. मास्क कशासाठी होता ते मला तेव्हा कळलं.

उरलेल्या चार बैठकींचे पैसे मागायला गेले तर तिने हात वर केले. “तुम्ही सल्फेटवाला शाम्पू वापरला असणार.” मी तिनेच दिलेला शाम्पू दाखवला. मग “तुमच्या हार्मोन्सचं बघून घ्या.” तिसऱ्या दिवशी माझा नंबर ब्लॉक. लेखी काहीच नसल्यामुळे तक्रारीत मला माझंच म्हणणं पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, आणि पैसे आजवर आलेले नाहीत.

कुणी तुम्हाला वेगवेगळे कर्ल ‘मुळापासून’ किंवा ‘कायमचे’ एकसारखे करून देतो म्हणाला तर एवढंच विचारा: त्वचेच्या बाहेर आलेला केस निर्जीव असतो, मग त्याला लावलेलं औषध मुळाशी कसं पोचणार? आणि मूळ कंपनीच्या लेबलचा फोटो तिथल्या तिथे मागा. खरं काम करणारी व्यक्ती चिडत नाही. पुढे मला एक केस कापणारी भेटली, तिने आधी मुळं बघितली, केस कोरडेच ठेवून एकेक वेटोळं कापलं, कारण ओल्या केसांत कोणता भाग किती आक्रसेल ते दिसत नाही. तिने मला काहीही विकलं नाही.

आता मी केसांचे चार भाग करून चिमटे लावते. मानेजवळचा भाग चिंब ओला असतानाच भरपूर कंडिशनर, गुंता फक्त बोटांनी, आधी टोकं मग वर. कानांवरच्या भागाला त्याच्या निम्मं. टाळूला कंडिशनर केवळ टोकांना, नाहीतर लाटा चपट्या पडतात. तिथे थोडं जेल पुरतं, आणि वाळेपर्यंत मुळाशी दोन छोट्या क्लिपा. कपाळावरची बट ओली असताना बोटाभोवती पिळून सोडून देते. वस्तू सगळीकडे त्याच, फक्त माप वेगळं. पहिल्या महिन्यात तासभर लागायचा, आता पंचवीस मिनिटं.

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. चौदा महिने झाले. मानेजवळचे जळलेले सगळे कापून झालेत, तिथली नवी बट ताणली तर हनुवटीपर्यंत येते आणि सोडली की कानाच्या पाळीखाली गुंडाळून बसते. टाळूवर शेवटची चार बोटं अजून इस्त्री केल्यासारखी लोंबतायत. ती पुढच्या खेपेला जातील.