निनावी अर्ज की नावानिशी तक्रार? पीकविम्याला जास्त पैसे घेतले तेव्हाचा अनुभव

पीकविम्याचे, दाखल्यांचे अर्ज ऑनलाइन भरून देणाऱ्या सेवा केंद्रावर जास्त पैसे घेतले तर निनावी अर्ज टाकायचा की सरळ आपल्या नावाने तक्रार करायची, हे गावात बरेच जण विचारतात. मी दोन्ही करून पाहिलंय म्हणून लिहितो.

२०२३ चा खरीप. विमा १ रुपयात होता, अर्ज भरायचे ४० रुपये केंद्रवाल्याला विमा कंपनीच देणार होती, म्हणजे शेतकऱ्याकडून वरचं काही घ्यायचंच नव्हतं. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या भागात एका केंद्रावर मात्र कापसाच्या अर्जाला सरसकट १०० घेत होते, पेरणीची घाई, मागे रांग, कोण वाद घालणार.

मी आधी निनावीच टाकला. भीती खोटी नसते हो, उद्या सातबारा, उत्पन्नाचा दाखला त्याच माणसाकडून काढायचा असतो आणि पोराच्या ॲडमिशनच्या वेळी 'सर्व्हर डाऊन आहे' ऐकायला मिळालं तर काय करणार. साध्या कागदावर सगळं लिहून तालुक्याला पोस्टाने पाठवलं. महिना गेला, काही नाही. चौकशी तरी कशी करणार, अर्ज माझा म्हणायची सोय नाही.

पण खरं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. विम्याच्या पावतीवर छापलेलं होतं १ रुपया. वरचे ९९ कुठेच नाहीत, ते फक्त माझ्या फोन-पेमध्ये, तारीख, वेळ, त्याचं नाव आणि माझंही नाव. तो स्क्रीनशॉट जोडला तर मी निनावी राहत नाही, नाही जोडला तर कागदावर नुसता आरोप राहतो, आणि साहेबाला विचारायचं म्हटलं तरी विचारणार कोणाला? केंद्रीय दक्षता आयोगाने तर १९९९ मध्येच सांगितलंय की निनावी तक्रारीवर कारवाई करू नका, ते केंद्र सरकारच्या खात्यांपुरतं असलं तरी आपल्याकडच्या टेबलावर वेगळं काही होत असेल असं मला वाटत नाही.

मग राज्य सरकारच्या 'आपले सरकार' तक्रार पोर्टलवर नावानिशी तक्रार टाकली, स्क्रीनशॉट आणि पावती दोन्ही जोडून. टोकन नंबर मिळाला. काही दिवसांत फोन आला, एवढंच विचारलं की पैसे तुमच्याच नंबरवरून गेले का. हो म्हटलं. त्याच आठवड्यात ९९ रुपये परत आले. केंद्रवाला महिनाभर नीट बोलला नाही, हेही खरं, पण दाखला अडवला नाही.

सरकारी माणूसच लाच मागत असेल तर मात्र लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ वर फोन करा, तो मार्ग वेगळा. आणि घरात एकटी बाई असेल किंवा गावात खरंच धोका असेल तर निनावी अर्जाला मी नाही म्हणणार नाही, ज्याची परिस्थिती त्याला माहीत. पण हातात पुरावा असेल तर माझ्या मते नाव घालाच. आमच्या गल्लीतल्या ज्यांनी रोख १०० दिले त्यांच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं, म्हणून पुढच्या वेळी निदान पैसे तरी फोनवरून द्या.