दारातली रांगोळी की मांडीवरची गोधडी?

मागच्या आठवड्यात खालच्या मजल्यावरची सून वर आली. दिवसभर लॅपटॉपपुढे बसते, घरूनच काम. म्हणाली, "काकू, हातानं काहीतरी करावंसं वाटतंय. रोज थोडंसं. रांगोळी नीट शिकू, की आजेसासूबाईंच्या साड्यांची गोधडी शिवायला घेऊ? दोन्ही एकदम नाही जमायचं."

दारातच उभी होती, घाईत होती, म्हणून तेव्हा अर्धंच बोलणं झालं. पण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. इंदूरच्या आमच्या मराठी घरांतून या दोन गोष्टी अजून आहेत, शिकवणारी माणसं आहेत आणि सामानही बहुतेक घरात पडलेलं असतं. म्हणून उरलेलं इथे सविस्तर लिहिते. रामबागेतल्या जुन्या घराच्या ओटल्यावर मी सात-आठ वर्षांची असल्यापासून रांगोळी काढत आले. गोधडी मात्र फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर, गेल्या नऊ वर्षांतली. दोन्हींवर माझा जीव आहे, पण दोन्ही सगळ्यांना सारख्या सोसतील असं नाही.

आधी घड्याळ बघा

"मला काय आवडेल" हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. दिवसात तुमचा हात कधी मोकळा असतो, ते आधी बघा. रांगोळी सकाळची. दार झाडून, पुसून, फरशी खडखडीत वाळली की काढायची, आणि बसलं की एका बैठकीत उठवायची. मध्येच कुकरची शिट्टी झाली, मुलाचा डबा राहिला, दूधवाला आला, की रेघ तुटते आणि परत धरताना जाड होते. मन लावून काढायची तर सलग पंधरा मिनिटं लागतात. ज्यांची सकाळ सात ते नऊ नुसती पळापळीत जाते, त्यांनी रोजच्या रांगोळीचा संकल्प सोडला आणि फक्त सणाला काढली तरी काही बिघडत नाही.

गोधडी कुठेही थांबवता येते. टाका अर्धा घातला, फोन आला, सुई कापडात खोचून ठेवली. दोन दिवसांनी उघडलं तरी ती तिथेच असते. रात्रीची जेवणं झाली, टीव्ही चालू आहे, नवरा बातम्या बघतोय, आपल्या मांडीवर कापड. हिवाळ्यात तर शिवता शिवताच पाय उबेत राहतात.

रांगोळी

सामान सगळ्यात कमी. रांगोळी म्हणजे शिरगोळ्याच्या दगडाची भुकटी. मारोठिया बाजारात किंवा कोपऱ्यावरच्या पूजेच्या दुकानात दोन कट चहाच्या पैशात पुडी मिळते आणि पांढरी पुडी महिनाभर सहज पुरते. रंगांच्या मागे पहिले दोन महिने लागूच नका. रंग भरला की वाकडी रेघ झाकली जाते, आणि मग हात सुधारत नाही.

हात कसा धरायचा ते सांगते, कारण आजकाल बाटल्या, चाळण्या आणि छापे इतके झालेत की चिमूट कुणी दाखवतच नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्यात भुकटी धरायची, मधलं बोट खालून टेकू द्यायचं. हात जमिनीपासून बोटभर वर. मनगट फिरवायचं नाही, कोपरापासून हात ओढायचा. रेघ जाड पडत असेल तर चिमूट सैल आहे, तुटत असेल तर आवळली आहे. बस, एवढंच शास्त्र. पण ते बोटांत उतरायला पंधरा-वीस सकाळी जातात आणि त्या पंधरा-वीस सकाळींत रोज आदल्या दिवसापेक्षा काहीतरी बरं होतं. इतक्या लवकर हात सुधारलेला दिसावा, असं घरात दुसरं काम मला तरी माहीत नाही.

सुरुवातीला सात ते चार ठिपक्यांची घ्या. मधल्या ओळीत 7 ठिपके. मग वर आणि खाली 6, 5, 4, प्रत्येक ठिपका आधीच्या दोघांच्या मधोमध. एकूण 37 होतात. आता अगदी मधला ठिपका बघा, त्याच्याभोवती बरोबर सहा ठिपके असतात. मधल्यापासून त्या सहांकडे सहा पाकळ्या ओढल्या की फूल तयार. त्याच 37 ठिपक्यांत चांदणी बसते, मधमाशांच्या पोळ्यासारखी घरं बसतात, वेल फिरते. आमची आई जुन्या पत्रिकेच्या जाड कागदाला उदबत्तीनं भोकं पाडून ठिपक्यांचा कागद करायची. वरून रांगोळी पसरली की ठिपके एकदम उमटायचे. घाई असेल तर तो जरूर करा. मला स्वतःला ठिपके हातानं टाकायला आवडतात. ते टाकता टाकता आज काय काढायचं ते सुचतं.

आता अडचणी. फ्लॅटच्या गुळगुळीत टाइल्सवर भुकटी घसरते, रेघेला कड राहत नाही. यावर उपाय म्हणजे गेरू. पाण्यात कालवून फरशीच्या तुकड्यावर नाहीतर पाटावर हात फिरवला, वाळू दिला, की खडबडीतपणा येतो आणि पांढरी रेघ उठून दिसते. माळव्यातल्या बायका मांडणे काढतात तेही गेरू आणि खडीचेच, म्हणजे पांढऱ्या मातीचे, लाल-पांढरे. आमच्या जुन्या गल्लीतल्या माळवी शेजारणीनं मला गेरूचं प्रमाण शिकवलं, आईनं तिला चैत्रांगण शिकवलं. दुसरी अडचण जून महिन्याची. पावसाआधीचा वारा सुटला की उंबऱ्याबाहेर काही टिकत नाही, आणि पाऊस लागला की भुकटी दमट होऊन गोळे होतात. तेव्हा डब्याला उन्हं दाखवायची आणि देवापुढे छोटी काढायची.

तिसरी गोष्ट म्हणजे रांगोळी राहत नाही. संध्याकाळपर्यंत पुसट, दुसऱ्या दिवशी झाडूखाली. काहींना याचा त्रास होतो. माझ्या धाकट्या बहिणीला व्हायचा, ती चिडायची आणि शेवटी सोडून दिली तिनं. तिचं काही चुकलं नाही, तिला राहणारी वस्तू हवी होती. मला मात्र जमिनीचा कोरा तुकडा रोज सकाळी परत मिळतो याचंच सुख आहे. काल बिघडलं ते आज जमिनीवर नसतंच.

लहान मुलं असतील तर पारडं पुष्कळ रांगोळीकडे झुकतं. पितृपक्षात इथल्या मुली भिंतीवर शेणाची संजा मांडतात. सोळा दिवस, रोज निराळी आकृती, सप्तमीला सातिया म्हणजे स्वस्तिक, अष्टमीला आठ पाकळ्यांचं फूल, शेवटी मोठा किलाकोट, म्हणजे तटाचा किल्ला. माझी मुलगी शेजारच्या मैत्रिणींबरोबर संजा मांडायची आणि नवरात्रात भोंडल्याला जायची. तिला दोन्ही आपलेच वाटायचे. मुलांना जमिनीवर, भिंतीवर हात चालवायला मिळाला की त्यांना बसवून ठेवावं लागत नाही. सुईच्या बाबतीत असं म्हणता येत नाही. घरात रांगतं मूल असेल तर गोधडी दोन वर्षं लांबवा, आणि लांबवायची नसेल तर उठताना सुया मोजून उठा.

गोधडी

इथे नवीन काही विकत आणायचं नाही, हे पहिलं. मी ती चूक केली. पहिली गोधडी सुंदर व्हावी म्हणून बाजारातून नवं छापील कापड आणलं आणि आत जुनी पॉलिस्टरची साडी घातली. नवं कापड पहिल्या धुण्यात आटलं, पॉलिस्टर आटलं नाही, आणि तीन महिन्यांच्या कामाला सगळीकडे फुगे आले. त्या दिवशी मी रडले. जुन्या सुती साडीचं तसं होत नाही. तिचं आटायचं होतं तेवढं कधीच आटून झालेलं असतं, रंग जायचा तो गेलेला असतो, आणि सूत इतकं मऊ झालेलं असतं की सुई लोण्यात गेल्यासारखी जाते.

घरात माहेश्वरी साड्या असतील तर एक लक्षात ठेवा. अहिल्याबाई होळकरांच्या राजधानीतलं हे विणकाम, आपल्याकडे प्रत्येक घरात एखादी तरी असतेच. नेहमीच्या माहेश्वरीत उभा धागा रेशमी आणि आडवा सुती असतो. जुनी झाली की रेशीम आधी विरतं आणि साडी चिरा जाऊन फाटते. ती वरच्या थराला लावू नका, आत घाला. काठ मात्र सोडवून घ्या आणि गोधडीच्या चारी बाजूंना लावा. चटाई, वीट, हिरा असे त्या काठांचे नमुने असतात आणि कड मजबूत होते ती वेगळी.

कृती थोडक्यात अशी. तीन किंवा चार थर जमिनीवर अंथरायचे, हातानं सुरकुत्या काढायच्या, चारी बाजूंनी आणि मधून कच्चे टाके घालून थर पकडायचे. हे टाचणं टाळलं तर पुढचं सगळं सरकतं. मग बाहेरच्या कडेपासून आत, चौकोनात चौकोन असा धावदोरा घालत मध्यापर्यंत जायचं. दोऱ्याला मेण लावा. बोटात अंगुस्तान घाला, नाहीतर चौथ्या दिवशी बोट सोलतं आणि काम पडून राहतं.

वेळेचा हिशोब आधीच करून ठेवा, म्हणजे मध्येच धीर सुटत नाही. माझा हात तासाला सहा-सात फूट धावदोरा घालतो. 30 इंची चौरस दुपटं घेतलं आणि इंचा-इंचावर रांगा घातल्या तर 80 फूट टाके होतात, म्हणजे बारा-तेरा तास. रोज अर्धा तास दिला तर पंचवीसेक दिवस. एका माणसाची सहा फूट बाय चार फूट गोधडी घेतली तर तोच हिशोब 300 फुटांच्या जवळ जातो, रोज अर्ध्या तासानं तीन महिने. दसऱ्याला बसलात तर संक्रांतीला पांघराल. म्हणून पहिल्यांदा दुपटंच करा. घरात बाळ नसलं तरी ते झोपाळ्यावर, पाठीशी, देवघरापुढे बसायला कुठेही लागतं.

शिकायला गोधडी रांगोळीपेक्षा सोपी आहे. साधा धावदोरा ज्याला येतो त्याला गोधडी येते. वाकडी रांगही दहा रांगांत मिसळून जाते. अवघड आहे ते टिकणं. दुसऱ्या आठवड्यात अगदी काही पुढे सरकत नाहीसं वाटतं, आणि बहुतेक गोधड्या तिथेच घडी होऊन माळ्यावर जातात. मी त्यावर एक युक्ती करते. रोज थांबताना त्या दिवशीच्या शेवटच्या टाक्याशी एक लाल दोऱ्याचा टाका घालून ठेवते. दुसऱ्या दिवशी दिसतं की काल किती झालं.

आणि एक गोष्ट गोधडीत आहे जी रांगोळीत मिळायची नाही. सासूबाई गेल्यावर त्यांच्या चार साड्या कपाटात तशाच होत्या. देववत नव्हत्या, नेसवतही नव्हत्या. त्यातली अंजिरी साडी गोधडीचा वरचा थर झाली. शिवताना तिच्या पदराशी एक बारीक रफू सापडला, त्यांच्याच हातचा, इतका बारीक की नेसलेली असताना कधी कुणाला दिसला नव्हता. मी माझा टाका त्याच्या शेजारून नेला, त्याच्यावरून नेला नाही. माझा नवरा ती गोधडी घेतो तेव्हा काही बोलत नाही, पण दुसरी दिली तर घेत नाही.

आणि कुंडी?

काही जणी विचारतात की दोन्ही नको, खिडकीत काही लावू का? लावा, पण त्यात हात रोज अर्धा तास चालत नाही, डोळे चालतात. आपली काळी माती कुंडीत नुसती घालू नका, ती पाणी धरून बसते आणि वाळली की दगड होते. वाळू आणि शेणखत मिसळा. मेथी चार-पाच दिवसांत उगवते, तीन आठवड्यांत कापायला येते. धने चोळून दोन फाका करून पेरा, आठ-दहा दिवस वाट बघायला लागते, पण पोह्यांवर स्वतःची कोथिंबीर पडली की सकाळच सुधारते. ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय आपल्या शहराला लागलेलीच आहे. ओल्यातली भाजीची देठं-सालं वाळक्या पाल्याबरोबर थर देऊन ठेवली की दीड-दोन महिन्यांत खत होतं. वास आला तर ओल जास्त झाली, पाला वाढवा. रांगोळी किंवा गोधडी यांच्याबरोबर कुंडी छान जमते. एकटी ती हात मागणाऱ्या माणसाला अपुरी पडेल.

मी तिला काय सांगितलं

तिची सकाळ मोकळी नाही, नऊला मीटिंग असते. मूल अजून नाही. दिवसभराच्या कामातलं काहीच हातात धरता येत नाही, ही तिची खंत ती दोनदा बोलून गेली. आणि वर आजेसासूबाईंची लोखंडी पेटी आहे, साड्यांनी भरलेली. तिला मी गोधडी सांगितली, रांगोळी दिवाळीच्या चार दिवसांपुरती. तिच्या जागी सकाळी लवकर उठणारी, निवृत्त झालेली, दारात येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्द बोलायला आवडणारी बाई असती तर डोळे मिटून रांगोळी सांगितली असती. रांगोळी काढताना जिन्यातून उतरणारा माणूस थांबतोच. गोधडीपाशी कुणी थांबत नाही.

परवा ती दोन सुती साड्या घेऊन आली. माझ्याकडची लांब सुई आणि अंगुस्तान दिलं, आम्ही दोघींनी मिळून हॉलमध्ये थर अंथरले आणि टाचले. काल रात्री साडेनऊला तिचा फोन. "काकू, दोऱ्याला गाठ मारायची ना? मग ती वर दिसतेय."

मारायची. सुई वरच्या थरातून आत घालून टाक्याच्या जागी बाहेर काढायची, आणि दोरा हलकेच ओढायचा. टचकन आवाज होतो आणि गाठ आत जाते.

फोन चालूच होता. दोनदा नुसताच दोरा निसटला, तिसऱ्यांदा आवाज मलाही ऐकू आला.