स्क्रॅबल: ‘आय’ने संपणाऱ्या छोट्या शब्दांचा खेळ

स्क्रॅबल हा पटावर अक्षरांच्या सोंगट्या मांडून इंग्रजी शब्द जुळवण्याचा खेळ मोठमोठे शब्द पाठ असणाऱ्यांचा आहे, हा समज हा संच घरी आणणाऱ्याने सर्वप्रथम दूर करावा, कारण इथे डाव खऱ्या अर्थाने तोलून धरतात ते दोन अक्षरी शब्द. संचातील 100 सोंगट्यांपैकी ‘आय’ (I) या इंग्रजी अक्षराच्या तब्बल 9 आहेत आणि प्रत्येकीचे मोल केवळ 1 गुण असल्यामुळे त्या हातात साचल्या, की नवखा खेळाडू हवालदिल होतो. अशा वेळी ‘आय’ने संपणारे हाय (HI), पाय (PI), झाय (XI), की (KI), ची (QI) असे शब्द ठाऊक असणे फार मोलाचे ठरते. त्यांतील शेवटचा, ‘क्यू’ आणि ‘आय’ या दोन अक्षरांचा शब्द, 2006 साली उत्तर अमेरिकेत स्क्रॅबलला चालणाऱ्या शब्दांच्या अधिकृत यादीत आला आणि ‘यू’वाचून अडणारा ‘क्यू’ मोकळा झाला. पटावरच्या अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या घरात ‘क्यू’ ठेवून हाच शब्द आडवा व उभा जुळवल्यास 62 गुण मिळतात. एवढ्या लहान शब्दाला एवढे फळ देणारी ही रचना मला अतिशय आवडते.

खेळण्यापूर्वी शब्दकोश मात्र ठरवून घ्यावा, कारण ‘झेड’ आणि ‘ओ’ यांचा शब्द (ZO) कॉलिन्स या इंग्रजी शब्दकोशाच्या यादीत चालतो, पण उत्तर अमेरिकेच्या यादीत नाही. मराठी माध्यमातून शिकणाऱ्या मुलांना इंग्रजी शब्दांची गोडी लावण्यासाठी या संचाची मी मनापासून शिफारस करते.