रेनॉ डस्टर डिझेल : टायमिंग बेल्टचे किट आणि लॉकिंग पिनांचा संच

रेनॉच्या १.५ डीसीआय इंजिनाचा टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि वॉल्व्ह यांच्या हालचाली जुळवून ठेवणारा दातेरी पट्टा) घरी बदलायचा असेल, तर बेल्टच्या नाममुद्रेपेक्षा लॉकिंग पिनांकडे, म्हणजे बेल्ट चढवताना इंजिन नेमक्या स्थितीत असल्याचे दाखवणाऱ्या पिनांकडे, अधिक लक्ष द्यावे, असे माझे मत आहे. मी माझ्या डस्टरसाठी वॉटर पंपासह मिळणारे एका युरोपीय बनावटीचे किट घेतले आणि पिनांचा साधा, बिननावाचा संच वेगळा मागवला. दोन्हींचा दर्जा समाधानकारक आहे. किटसोबतच्या माहितीपत्रकाबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही.

के९के या नावाने ओळखले जाणारे हे १४६१ सीसीचे, चार सिलिंडरांचे आणि आठ वॉल्व्हचे इंजिन लोगन, डस्टर, निसान सनी, टेरानो अशा अनेक गाड्यांमधून आपल्याकडे आले, त्यामुळे त्याचे सुटे भाग मिळवताना फारशी वणवण करावी लागत नाही. या इंजिनात बेल्ट तुटला किंवा त्याचे दात घसरले, तर उघडे राहिलेले वॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि हेड (सिलिंडरांवर बसणारा, वॉल्व्ह असलेला भाग) उतरवण्यावाचून पर्याय उरत नाही. बेल्टचा भार रबरावर नसून आतल्या काचतंतूंच्या दोऱ्यांवर असतो, म्हणून वरून गुळगुळीत दिसणारा बेल्ट ‘अजून चालेल’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. गाडीसोबतच्या पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षे अशा दोन मर्यादा दिलेल्या असतात. त्यांपैकी जी आधी पूर्ण होईल ती पाळावी, आणि गाडी कमी चालवणाऱ्यांनी तर वर्षांचाच हिशेब ठेवावा.

किटमध्ये बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा रोलर) आणि गॅस्केटसह वॉटर पंप असतो. या इंजिनाला वेगळी आयडलर पुली (बेल्टला नुसती वाट देणारी चाकी) नाही, तेव्हा खोक्यात एकच रोलर निघाला म्हणून काही कमी पडले असे समजू नये. नवा बेल्ट जुन्या बेल्टशेजारी ठेवून दातांची संख्या आणि रुंदी ताडून पाहावी. माझ्या बाबतीत दोन्ही तंतोतंत जुळली. वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो. पंपाचे बेअरिंग जॅम झाले किंवा त्यातून कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) झिरपू लागले, तर नव्या बेल्टचीही धडगत नाही, आणि नंतर केवळ पंपासाठी हीच सारी खोलाखोल पुन्हा करावी लागते. थोडे पैसे वाचवण्यासाठी पंपाविना किट घेणे मला पटत नाही.

आता पिनांविषयी. एक पिन इंजिन ब्लॉकवरील बूच काढून तेथे आटे फिरवून बसवायची असते. क्रँकशाफ्ट (पिस्टनांमुळे फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) हळूहळू फिरवत आणला की तो तिला अलगद टेकतो. दुसरी आठ मिलिमीटरची पिन कॅमशाफ्टच्या (वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) पुलीतील छिद्रातून हेडमध्ये जाते. डिझेलच्या उच्चदाब पंपाच्या पुलीला पिन नाही. तिच्यावरील खूण डोळ्यांनीच जुळवावी लागते. आपल्याकडे पुष्कळ गॅरेजांत जुन्या बेल्टवर व्हाइटनरने खुणा करून त्या मोजून नव्या बेल्टवर उतरवण्याची पद्धत आहे. अनुभवी हाताला ती साधते, परंतु आधीच्या माणसाने एखादा दात चुकवून ठेवला असेल, तर ती चूक जशीच्या तशी पुढे जाते. पिना लावल्यावर मात्र अशी चूक ताबडतोब उघडी पडते. माझ्या संचातील पिनांचे आटे स्वच्छ होते आणि कॅमशाफ्टची पिन न हलता चपखल बसली. या किमतीत एवढी अपेक्षा मी धरली नव्हती.

एक गोष्ट माहितीपत्रकात ठळकपणे यायला हवी होती आणि ती आलेली नाही : ब्लॉकमधील पिन ही स्थिती दाखवण्यासाठी आहे, इंजिन अडवून धरण्यासाठी नाही. क्रँक पुलीचा बोल्ट सोडवताना किंवा आवळताना तिच्यावर जोर आला, तर पिन तुटते आणि आतही नुकसान होऊ शकते. गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकून दुसऱ्या कोणाला तरी ब्रेक दाबून बसायला सांगणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. हा बोल्ट आवळताना मुद्दाम ताणला जातो, त्यामुळे तो प्रत्येक वेळी नवाच घालायचा असतो. माझ्या किटमध्ये तो नव्हता आणि स्वतंत्रपणे मागवावा लागला. टेन्शनरच्या बाबतीतही पत्रकात केवळ एक पुसट चित्र आहे. त्याच्या मागील कोंब हेडमधील खाचेत बसला पाहिजे, सहा मिलिमीटरच्या ॲलन कीने त्याचा दर्शक काटा खुणेवर आणला पाहिजे, मग इंजिन हाताने, त्याच्या चालू दिशेने, दोन पूर्ण फेरे फिरवून पिना पुन्हा घालून पाहिल्या पाहिजेत आणि दर्शक काटा खुणेवर टिकला आहे की नाही हे तपासले पाहिजे. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा एक फेरा होतो, म्हणून याहून कमी फिरवून खात्री होत नाही.

अंगमेहनत होते ती उजव्या बाजूचे इंजिन फाउंडेशन काढताना. इंजिनाखाली जॅक लावायचा, जॅक आणि ऑइल संप यांमध्ये लाकडी फळी ठेवायची आणि गाडी स्वतंत्र स्टँडवर उभी करायची; नुसत्या जॅकच्या भरवशावर हे काम कोणीही करू नये. ज्यांच्याकडे टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच बोल्ट आवळणारा पाना) आणि बोल्ट किती कोनात फिरवला हे मोजण्याचे साधन नाही, त्यांनी किट स्वतः आणून काम गॅरेजकडे सोपवावे, परंतु पिना वापरल्या जातील एवढे आधी विचारून घ्यावे.

पंप बदलून झाल्यावर कूलंट रेनॉच्या ‘टाइप डी’ प्रतीचे घालावे आणि हीटरच्या होजवरील स्क्रू उघडून हवा काढून टाकावी. पिनांचा संच काही वर्षांतून एकदाच लागतो, तेव्हा हेच इंजिन असलेल्या दोन-तीन गाडीमालकांनी मिळून तो घेतला तरी चालण्यासारखे आहे.