गावात आधी काय सुरू करावं: खडी गंमत की खंजिरी भजन?

नागपूरजवळच्या गावात माणसं पुन्हा एकत्र बसावीत म्हणून काही उभं करायचं, तर हे दोन घरचेच पर्याय आहेत: खडी गंमत म्हणजे विदर्भातलं लोकनाट्य आणि खंजिरी भजन म्हणजे खंजिरीच्या, हातात धरायच्या छोट्या डफाच्या, तालावर सगळ्यांनी मिळून गायचं भजन.

खंजिरी भजनाला खर्च फारसा नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) सामुदायिक प्रार्थनेची सवय विदर्भात गावोगावी रुजवली, त्यामुळे चाली आजही आजी-आजोबांच्या ओठांवर असतात. बाया, पोरं, म्हातारे सगळे सामील होतात. कोणी बेसूर गायलं तरी चालतं!

खडी गंमत मात्र मेहनत मागते. शाहीर, डफ, ढोलकी, तुणतुणं. वाजवणारेही उभेच, म्हणून तर नाव ‘खडी’. बाईचं काम बहुधा पुरुषच करतो. पण हिची खरी ताकद सवालजवाबात आहे. दारू, हुंडा, पाण्याचं भांडण, जे चारचौघांत बोलता येत नाही, ते इथं हसत-हसत निघतं. आणि रंगमंच लागत नाही, चौक पुरे. अडचण एकच, जाणते कलावंत थकलेत आणि शिकणारे कमी.

माझं मत विचाराल तर आधी भजन, रोज संध्याकाळी. त्यातूनच गळे आणि हात सापडतील. मग दिवाळीनंतर, धान घरात आलं की, म्हाताऱ्या शाहिराला मानानं बोलवा आणि पोरांना त्याच्यामागं उभं करा.