मुंबई ते न्यूयॉर्क : किलोमीटर बघायचे की तास?

न्यूयॉर्कला थेट विमानाने जावं, लंडनमार्गे की अबू धाबीमार्गे, हे अंतराच्या आकड्यांवरून ठरवायला बसलात तर काहीच ठरणार नाही. मुंबई ते जेएफके (न्यूयॉर्कचा विमानतळ) हवाई अंतर सुमारे 12,500 किमी. लंडनमार्गे ते 12,750 च्या आसपास भरतं, अबू धाबीमार्गे 13,000. म्हणजे वळशाने वाढणारं उड्डाण जेमतेम अर्ध्या तासाचं.

भिंतीवरच्या सपाट नकाशाकडे पाहून हे पटत नाही. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा. मुंबईहून तो सरळ पश्चिमेला जातच नाही. उत्तरेकडे झुकत निघतो, आइसलँडजवळ 65 अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढतो आणि मग अमेरिकेकडे उतरतो. अंतर सांगणाऱ्या वेबसाइट हाच दोरा मोजतात, ताशी 850-900 किमीने भागतात, चढ-उताराचा अर्धा तास मिळवतात आणि साडेचौदा ते सव्वापंधरा तास असं उत्तर देतात.

विमान मात्र त्या दोऱ्यावरून उडत नाही. दोरा पाकिस्तानवरून जातो, आणि एप्रिल 2025 मध्ये ती हवाई हद्द भारतीय विमानांना बंद झाली. त्यात जाताना पश्चिमेचा वारा अंगावर घ्यायचा. त्यामुळे थेट विमानाला जाताना सोळा तासांच्या आसपास धरा, वळसा मोठा असेल तर आणखी. परतीला वारा पाठीशी, तेव्हा सहसा तासाभराने कमी. शिवाय वेळापत्रकातले तास गेटपासून गेटपर्यंतचे असतात. आपल्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच वापरात, म्हणून रांगेतला वेळही त्यातच. तेव्हा वेबसाइटचं उत्तर बाजूला ठेवून वेळापत्रकच बघावं. (निघण्या-पोहोचण्याच्या वेळा नुसत्या वजा करू नका : न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे.)

खरा फरक पाडतो तो मधला थांबा. तीन तासांचा असेल तर एकूण प्रवास वीसच्या आसपास, आठ तासांचा असेल तर पंचवीस. स्वस्त तिकिटांत बहुधा हाच दुसरा प्रकार निघतो.

लेकीकडे निघालेले आई-बाबा असतील, व्हीलचेअर सांगितलेली असेल, तर मी दहा-पंधरा हजार जास्त मोजून थेट विमानच घेईन. एकट्याने जाणाऱ्याला अबू धाबी बरं : अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, जेएफकेला उतरल्यावर ती रांग नाही. फक्त त्यासाठी थांबा निदान तीन तासांचा हवा. लंडनचा मार्ग कागदावर या दोन वळशांतला छोटा, पण माझ्या यादीत शेवटचा. तिकीट काढण्याआधी ट्रान्झिट व्हिसाचा नियम वाचा, आणि हीथ्रोला टर्मिनल बदलावं लागत असेल तर दीड तासाचं कनेक्शन कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.